दसऱ्याला शस्त्रं का पुजतात?



इंदूरच्या एका श्रोत्याने मला विचारलं आहे, ''कर्नलसाहेब, दसऱ्याला विजय नक्की कोणाचा? आमच्या चौकात रावण जाळतात, घरात देवीचे घट उठतात, आणि आजोबा सांगायचे की पांडवांनी झाडावरची शस्त्रं काढली तो हा दिवस. मग मुलाला सांगायचं तरी काय?''

प्रश्न अगदी रास्त आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना तो जास्त जाणवतो, कारण घरातला दसरा एक आणि दाराबाहेरचा दसरा दुसरा. माझी नोकरी तोफखान्यात झाली. बदल्यांच्या निमित्ताने हा सण मी देशाच्या बऱ्याच कोपऱ्यांत पाहिला. जे पाहिलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक तिथी, अनेक कथा

आधी तिथी पाहू. आश्विन शुद्ध दशमी म्हणजे विजयादशमी. आपल्याकडच्या साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक. आदल्या दिवसाला आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे रुंद पात्याची जड तलवार. म्हणजे शस्त्रपूजा आपल्या तिथीच्या नावातच आहे.

आता कथा. उत्तर हिंदुस्थानात दसरा म्हणजे रामाने रावणाला मारलं तो दिवस. काशीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते आणि गावोगावी मैदानात दहा तोंडांचा रावण उभा राहतो. गंमत अशी, की वाल्मीकी रामायणात रावणवधाचा दिवस म्हणून ही दशमी सांगितलेली नाही. ती जोड नंतरच्या परंपरेने दिली. बंगालमध्ये पंधराव्या शतकातल्या कृत्तिवासाने बंगाली रामायण रचलं. त्यात रावणाशी लढण्याआधी राम दुर्गेची पूजा करतो. एकशे आठ नीलकमळं वाहायची असतात, देवी परीक्षा पाहायला एक लपवते, आणि राम कमळासारखा आपला डोळाच काढून वाहायला निघतो. राम आणि देवी यांच्या दोन कथा तिथे अशा एकत्र येतात.

देवीची मूळ कथा मार्कंडेय पुराणातल्या सप्तशतीत आहे. महिषासुराने देवांना स्वर्गातून हाकललं. तेव्हा सगळ्या देवांच्या तेजातून देवी प्रकट झाली. शंकराने तिला त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, वायूने धनुष्य आणि बाणांचे भाते. ज्यांच्याकडे शस्त्रं होती ते हरले होते. जिंकली ती, जिच्या हाती सगळ्यांनी मिळून शस्त्रं सोपवली. कीर्तनात हा भाग पटकन उरकला जातो, पण माझ्या मते कथेचा कणा तोच आहे.

तिसरी कथा पांडवांची. आपल्या मराठी दसऱ्याला तीच सर्वांत जवळची, म्हणून ती जरा सावकाश पाहू.

शमीचं झाड

बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास अशी अट होती. तेराव्या वर्षी कोणी ओळखलं, तर पुन्हा बारा वर्षं वनवास. अज्ञातवासासाठी पांडवांनी विराट राजाची मत्स्यनगरी निवडली. पण गांडीव खांद्यावर टाकून नगरात शिरलं असतं, तर वेशीवरच्या पोरानेही अर्जुनाला ओळखलं असतं. म्हणून नगराबाहेर, स्मशानाजवळच्या एका मोठ्या शमीवर नकुल चढला आणि त्याने सगळी शस्त्रं फांद्यांना बांधली. सोबत एक प्रेतही बांधलं, म्हणजे दुर्गंधीमुळे कोणी जवळ फिरकणार नाही. वाटेवरच्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची म्हातारी आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. फौजी भाषेत याला पक्की लपवणूक म्हणतात!

लोकांना ही लपवणूक लक्षात राहते. त्यानंतरचं वर्ष मात्र विसरलं जातं. युधिष्ठिर द्यूताचा जाणकार कंक झाला, भीम स्वयंपाकी, अर्जुन नृत्य शिकवणारी बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. कीचकाने भर सभेत द्रौपदीला लाथ मारली. भीम समोर होता आणि युधिष्ठिराने त्याला आवरलं. पुढे भीमाने कीचकाला रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत मारलं, तेही नुसत्या हातांनी. शस्त्रं झाडावरच राहिली. इतका अपमान होऊनही एकानेही झाडाकडे धाव घेतली नाही.

मग कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या. राजपुत्र उत्तर बढाया मारत निघाला आणि समोरचं सैन्य पाहून रथातून उडी टाकून पळाला. बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाने त्याला पकडून शमीपाशी आणलं आणि झाडावर चढवलं. शस्त्रं खाली आली, गांडीवाचा टणत्कार झाला. दुर्योधन म्हणाला, अज्ञातवास संपलेला नाही, पांडव उघडे पडले, चला पुन्हा वनवासाला. तेव्हा भीष्मांनी पंचांगाचा हिशोब मांडला. दर पाच वर्षांनी दोन अधिक मास येतात, ते धरले तर तेरा वर्षं पूर्ण होऊन वर दिवस उरतात. म्हणजे अर्जुनाने धनुष्य उचललं, तेव्हा मुदत संपलेली होती.

युद्धभूमीवर, समोर शत्रू उभा असताना, दोन्ही बाजूंना आधी प्रश्न पडला तो तारखेचा. शस्त्र उचलण्याचा अधिकार आहे की नाही, हे ठरल्यावर मग बाण सुटले. विराटपर्वातल्या या प्रसंगात विजयादशमीचं नाव येत नाही. लोकांनी ती कथा या दिवसाला जोडली, आणि मला वाटतं फार समजून जोडली.

झाडही विचारपूर्वक निवडलेलं दिसतं. यज्ञाचा अग्नी घुसळून काढायच्या अरणीशी शमीचा जुना संबंध आहे. शमीच्या पोटात अग्नी असतो अशी आपली समजूत आहे. आणि तिचं नाव परंपरा 'शम्' या धातूशी जोडते. शम् म्हणजे शांत होणं. पोटात आग आणि नाव शांतीचं! शस्त्र ठेवायला याहून योग्य जागा कोणती?

सोनं कुठून आलं?

आता आपट्याची पानं. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' असं म्हणत आपण ती वाटतो. त्यामागची कथा रघुराजाची आहे. कालिदासाने ती 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी हटून बसला. गुरूंनी आधी नको म्हटलं, मग चिडून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघूकडे गेला. रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून सगळं दान केलं होतं. पाहुण्याचं स्वागत करायला त्याच्याकडे मातीचं पात्र उरलं होतं. तरी याचकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून रघूने कुबेरावर चालून जायचं ठरवलं आणि रात्री तो शस्त्रांनी भरलेल्या रथातच झोपला. सकाळी कोठारात सोन्याचा पाऊस पडलेला होता. स्वारी करावीच लागली नाही.

पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. रघू म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, मला चौदा कोटींवर एक कवडीही नको. कालिदासाच्या काव्यात झाड नाही. सोनं आपट्यावर किंवा शमीवर पडलं आणि उरलेलं गावाने वाटून घेतलं, ही भर लोककथेने घातली. आपण पान देतो तेव्हा खरं तर कौत्साने न घेतलेलं सोनं वाटत असतो. जास्तीचं नको म्हणणाऱ्याची ती आठवण आहे.

सीमोल्लंघन

'धर्मसिंधू'सारख्या ग्रंथांत या दिवसाची चार कामं सांगितली आहेत. अपराजिता देवीची पूजा, शमीची पूजा, सीमोल्लंघन आणि प्रवासाला प्रस्थान. दुपारनंतर गावाच्या ईशान्येला जायचं, शमी पुजायची, सीमा ओलांडून परत यायचं.

यामागे ऋतूचा सरळ हिशोब आहे. जून ते सप्टेंबर दख्खनच्या नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, बैल नांगराला जुंपलेले. मराठा शिलेदार पावसाळ्यात आपल्या शेतावर असे. आश्विनात पाणी उतरे, घोड्यांना माळावर गवत मिळे, पीक हाताशी येई, आणि मोहिमा निघत. तोफखान्याचा माणूस म्हणून सांगतो, रस्ता, पाणी आणि दाणागोटा ही तीन गणितं सुटल्याशिवाय कोणताही सेनापती हलत नाही. दसरा हा ती गणितं तपासायचा दिवस होता.

इतिहासात एक दसरा असा आहे, की तो आठवला की मन जड होतं. ऑक्टोबर १७६०. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने यमुनेकाठचं कुंजपुरा जिंकलं आणि तिथेच दसरा साजरा केला. विजय मोठा होता, दाणागोटाही भरपूर हाती लागला होता. अब्दाली नदीपलीकडे अडकलेला होता. त्याच महिन्यात त्याने बागपतजवळ भरल्या यमुनेतून फौज उतरवली आणि मराठ्यांची दिल्लीशी असलेली वाट तोडली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं, ते मराठी माणसाला सांगायला नको. सीमोल्लंघन समोरचाही करत असतो. आपली नजर उत्सवावर आणि त्याची नदीच्या उतारावर असेल, तर मुहूर्त त्याच्या उपयोगी पडतो.

गावोगावचा दसरा

आता जरा देशभर फिरून येऊ. तुमच्यापैकी जे जिथे राहता, तिथला दसरा ओळखू येईल.

म्हैसूरचं नावच महिषासुरावरून आलेलं. विजयनगरच्या महानवमीची परंपरा वडेयर राजांनी १६१० पासून श्रीरंगपट्टणात चालवली, पुढे ती म्हैसूरला आली. साडेसातशे किलोच्या सोनेरी अंबारीत चामुंडेश्वरी बसते आणि मिरवणूक जाते ती बन्नीमंटपाला. कन्नडमध्ये बन्नी म्हणजे शमी. एवढा थाटमाट शेवटी एका झाडापाशी येऊन थांबतो. तेलंगणात शमीला जम्मी म्हणतात. तिथेही दसऱ्याला तिची पानं सोनं म्हणून देतात. हैदराबादच्या मराठी घरांत आपटा मिळाला नाही तर जम्मी आहेच, हरकत नाही. ग्वाल्हेरला शिंदे घराण्याचा वारस तलवारीने शमीला स्पर्श करतो आणि लोक पानांसाठी झुंबड करतात.

राजस्थानात हीच शमी खेजडी या नावाने ओळखली जाते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ती तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि त्यांच्यासह ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठी मारून जीव दिला. ज्या झाडाने पांडवांची शस्त्रं सांभाळली, त्याला वाचवायला ही माणसं हाती शस्त्र न घेता उभी राहिली.

कुलूचा दसरा, इतरांचा संपतो तेव्हा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. तिथे रावणाचा पुतळा जाळत नाहीत. कथा राजा जगतसिंहाची आहे. मोत्यांच्या लोभाने त्याने एका ब्राह्मणाला छळलं, त्या ब्राह्मणाने कुटुंबासह स्वतःला जाळून घेतलं. पस्तावलेल्या राजाने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, राज्य देवाला अर्पण केलं आणि स्वतः सेवक म्हणून राहिला. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवसांचा. त्यातही रावण नाही, दंतेश्वरी देवी आहे. काट्यांच्या झोपाळ्यावर झुलवलेल्या एका लहान मुलीकडे राजघराण्याने उत्सवाची परवानगी मागायची आणि मग दसरा पुढे जायचा.

केरळातल्या जवानांकडून मी पूजवैप्पु हा शब्द ऐकला. नवरात्राच्या अखेरीस पुस्तकं आणि अवजारं देवीपुढे ठेवतात. ती तिथे असेपर्यंत कोणी वाचत नाही, अवजार चालवत नाही. विजयादशमीला ती पुन्हा हातात घेतात आणि लहान मुलं तांदळात पहिलं अक्षर गिरवतात. आपल्याकडे पाटीवर सरस्वती काढून पुजतात, त्याचीच ही बहीण.

आणि नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमीच होती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथे हा दिवस अशोक विजयादशमी म्हणून पाळतात. कलिंग जिंकल्यावर ज्याने आपला पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला, त्या सम्राटाच्या नावाने.

फौजेतली शस्त्रपूजा

तोफखान्याची एक रीत आहे. इतर पलटणींना निशाण असतं. आमची तोफ हेच आमचं निशाण. त्यामुळे दसऱ्याला तोफेची पूजा असली की नळी, ब्रीच, चाकं आधी लख्ख होतात. एका वर्षी आम्ही इतक्या उंचावर होतो की झेंडूचं फूल पाहायला मिळणं शक्य नव्हतं. तोफेच्या नंबर वनने, म्हणजे त्या तोफेच्या हवालदाराने, सिग्नलच्या पिवळ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळून हार केला. पंडितजींनी कुंकू लावलं. नारळ दोनच होते, एक फोडला आणि एक पुढच्या ठाण्याला पाठवला. गोरखा पलटणीत याच दिवसांत दशैं असतो आणि खुकरी पुजतात.

पण फौजेतली खरी शस्त्रपूजा रोज चालते. शस्त्रं जिथे ठेवतात त्या खोलीला आम्ही कोत म्हणतो. प्रत्येक रायफलीचा नंबर नोंदवहीत असतो. कोणी घेतली, किती गोळ्या घेतल्या, किती परत आल्या, सगळं लिहिलेलं. फायरिंग संपलं की हुकूम येतो, 'खाली कर'. मग अधिकारी स्वतः प्रत्येक चेंबरमध्ये डोकावतो. एक गोळी जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत अख्ख्या युनिटला झोप नसते. नव्या जवानाला हे जाच वाटतं. दोन-चार वर्षांत त्याला कळतं की गुंडाच्या हातातल्या आणि आपल्या हातातल्या हत्यारात लोखंडाचा फरक नाही, या नोंदवहीचा आहे.

म्हणूनच अलीकडची काही दृश्यं पाहिली की मला काळजी वाटते. गाण्याच्या तालावर नंग्या तलवारी फिरवणारी पोरं, मिरवणुकीत हवेत उडवलेल्या गोळ्या. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाच्या अंगणात येईल हे उडवणाऱ्याला ठाऊक नसतं. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन जल्लोषातला असा गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. कायद्याचं सोडा, आपल्या कथाच याच्या विरुद्ध आहेत. अर्जुन वर्षभर थांबला. देवांनी आपली शस्त्रं देवीच्या हाती सोपवली. रघूने सज्ज केलेला रथ हललाही नाही. बस्तरच्या राजाला एका मुलीची परवानगी लागते. मिरवण्यासाठी शस्त्र उपसणारा नायक यांपैकी एकाही कथेत मला सापडला नाही.

मग मुलाला सांगायचं काय?

इंदूरच्या श्रोत्याला माझं उत्तर असं. मुलाला सगळ्या कथा सांगा, एकही खोटी ठरवू नका. आणि त्यातला समान धागा दाखवा. दसऱ्याला माणूस आपलं सामर्थ्य खाली ठेवतो, त्याला नमस्कार करतो आणि मगच पुन्हा उचलतो. ते सामर्थ्य शेतकऱ्याचा विळा असेल, सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, डॉक्टरचा स्टेथोस्कोप किंवा विद्यार्थ्याची पाटी. आज ज्या मोबाइलवर तुम्ही मला ऐकता-वाचता, तेही कमी धारेचं शस्त्र नाही. एका दिवसापुरता तो देवापुढे ठेवून पाहा. उचलताना विचारा, हा मी कोणाविरुद्ध आणि कशासाठी वापरतो?

सोन्याचं म्हणाल, तर फांद्या ओरबाडू नका. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची मोठी पानं खपवतात, आणि दोन्ही झाडं विनाकारण उघडी पडतात. घरटी एक पान पुरे. कौत्साने चौदा कोटींवर एक कवडीही घेतली नाही. जमलं तर सोसायटीच्या कोपऱ्यात एक आपटा किंवा शमी लावा. पुढच्या दसऱ्याला तुमच्या मुलाला पान तोडण्याआधी त्या रोपाला पाणी घालावं लागेल, आणि कथेतलं अर्धं मर्म त्याला तिथेच कळेल.

दसऱ्याच्या शुभेच्छा. जय हिंद.